व्हॅलिडेशन (औषधनिर्मिती)

औषधनिर्मितीतील एखादी प्रक्रिया, यंत्रणा, सफाईची रीत किंवा चाचणी-पद्धत ठरवून दिलेल्या मर्यादांत चालवली, तर दर वेळी अपेक्षित दर्जाचाच परिणाम मिळतो, हे लेखी पुराव्यानिशी सिद्ध करणे म्हणजे व्हॅलिडेशन. निकष आधी लिहायचे, मंजूर करून घ्यायचे आणि मगच प्रयोग करायचा, हा यातला पहिला नियम. निकाल पाहून निकष ठरवले, तर त्या कामाला व्हॅलिडेशन म्हणता येत नाही.

तयार माल तपासूनच पाठवतात, मग हा खटाटोप कशासाठी? बहुतेक चाचण्यांत नमुना नष्ट होतो, त्यामुळे प्रत्येक कुपी तपासता येत नाही. निर्जंतुकतेच्या चाचणीसाठी मोठ्या बॅचमधूनही साधारण 20 कुप्या घेतात. समजा, बॅचमधल्या 1 टक्का कुप्या दूषित आहेत. तर घेतलेल्या 20 पैकी एकही दूषित नसण्याची शक्यता 0.99 चा विसावा घात, म्हणजे सुमारे 82 टक्के येते. दर हजारात एक कुपी दूषित असेल, तर बॅच उत्तीर्ण होण्याची शक्यता 98 टक्क्यांवर जाते. चाचणी कितीही काटेकोर केली तरी हे गणित बदलत नाही. म्हणून भरवसा नमुन्यापेक्षा प्रक्रियेवर ठेवावा लागतो, आणि तो ठेवण्याजोगा आहे हे आधी दाखवावे लागते.

ही जाणीव दुर्घटनांतून आली. 1970-71 मध्ये अमेरिकेत दूषित सलाइनमुळे रक्तात जंतुसंसर्ग होण्याची मोठी साथ आली. 1972 मध्ये इंग्लंडमधील प्लिमथ शहरात, डेव्हनपोर्ट येथील रुग्णालयात डेक्स्ट्रोजचे दूषित द्रावण दिल्याने रुग्ण दगावले. ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रात, हवा अडकून राहिल्याने खालच्या बाटल्यांपर्यंत पुरेशी उष्णता पोहोचली नव्हती. तरीही ती बॅच निर्जंतुकतेच्या चाचणीत उत्तीर्ण झाली होती. 1970 च्या दशकाच्या मध्यास एफडीए या अमेरिकेच्या औषध-नियामक संस्थेचे टेड बायर्स आणि बड लॉफ्टस यांनी व्हॅलिडेशनची कल्पना मांडली. सुरुवातीला तिचा भर निर्जंतुकीकरणावर होता. पुढे गोळ्या, मलमे, पाणी, वातानुकूलन, संगणक-प्रणाली असे सगळेच तिच्या कक्षेत आले.

यंत्रे आणि यंत्रणा तपासण्याच्या भागाला क्वालिफिकेशन म्हणतात. यंत्राकडून काय हवे ते आधी लिहितात (यूआरएस), आराखडा त्याला उतरतो का ते पाहतात (डीक्यू), यंत्र आराखड्याप्रमाणे बसवले का (आयक्यू), सर्व मर्यादांत नीट चालते का (ओक्यू) आणि प्रत्यक्ष कामाच्या परिस्थितीत अपेक्षित परिणाम देते का (पीक्यू) हे क्रमाने तपासतात. कॅलिब्रेशन वेगळे: त्यात मोजणारे उपकरण प्रमाणित मापाशी ताडून पाहतात. ज्या तापमापकावर निर्णय घ्यायचा त्याचेच कॅलिब्रेशन झालेले नसेल, तर पुढच्या कोणत्याही आकड्याला अर्थ उरत नाही.

ऑटोक्लेव्हच्या पीक्यूमध्ये या कामाचे मर्म दिसते. आधी रिकाम्या कक्षात थर्मोकपल (तापमान मोजणाऱ्या तारा) लावून उष्णता सारखी पसरते का ते बघतात. मग प्रत्यक्ष लोड, म्हणजे निर्जंतुक करायच्या वस्तू, भरतात आणि थर्मोकपलचे टोक वस्तूच्या आत नेतात: लांब नळीच्या मध्यापर्यंत, गुंडाळलेल्या फिल्टरच्या पोटात, भरलेल्या बाटलीच्या द्रावणात. हवा शेवटपर्यंत अडून राहते ती अशाच जागी, आणि कक्षातला तापमापक 121 अंश सेल्सिअस दाखवत असताना नळीच्या आत 118 अंशच असू शकतात. फरक तीनच अंशांचा दिसतो, पण त्याने जंतुनाशाचा वेग जवळजवळ निम्मा होतो, कारण नेहमीच्या हिशेबात तापमान 10 अंशांनी उतरले की तो एक-दशांश धरतात. हा सगळा परिणाम 121.1 अंशांवरच्या तुल्य मिनिटांत मोजतात. त्याला एफ-झीरो म्हणतात. थर्मोकपलशेजारी जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूचे बीजाणू असलेल्या पट्ट्याही ठेवतात. उष्णतेचा आकडा आणि मेलेले बीजाणू यांचा मेळ बसला पाहिजे, आणि तोही सलग तीन फेऱ्यांत. अंतिम उद्दिष्ट असते ते दहा लाखांत एकाहून जास्त वस्तू अनिर्जंतुक राहण्याची शक्यता नसणे.

इथे वर्स्ट केस, म्हणजे सर्वांत बिकट परिस्थिती, मुद्दाम निवडावी लागते. सोपा लोड घेऊन मिळवलेले यश निरुपयोगी.

सफाईच्या व्हॅलिडेशनमध्येही तेच. एकाच यंत्रावर अनेक औषधे बनत असतील, तर सर्वांत कमी विरघळणारे, धुवायला सर्वांत कठीण आणि सर्वांत तीव्र असे औषध निवडतात. यंत्र मळके ठेवण्याची जी कमाल मुदत असेल ती पूर्ण होऊ देतात आणि मग धुतात. मर्यादेचा जुना हिशेब असा: आधीच्या औषधाच्या किमान दैनिक मात्रेच्या हजाराव्या भागाहून जास्त अंश पुढच्या औषधाच्या कमाल दैनिक मात्रेत जाता कामा नये. किमान मात्रा 10 मिलिग्रॅम असेल, तर 0.01 मिलिग्रॅम चालेल. पुढची बॅच 100 किलोची आणि तिची कमाल दैनिक मात्रा 1 ग्रॅम असेल, तर एक लाख मात्रा होतात. म्हणजे सगळ्या यंत्रांवर मिळून 1 ग्रॅमपर्यंत अवशेष. यंत्रांचा पृष्ठभाग 10 चौरस मीटर असेल, तर 25 चौरस सेंटिमीटर पुसून घेतलेल्या स्वॅबवर (नमुन्याच्या बोळ्यावर) फार तर 0.25 मिलिग्रॅम. स्वॅब घेतात तो गॅस्केटखाली, पात्याच्या मागे, व्हॉल्व्हच्या कोपऱ्यात. गुळगुळीत भिंतीवरचा स्वॅब फारसे काही सांगत नाही. स्वॅबवर सगळा अवशेष उचलला जात नाही, म्हणून स्टीलच्या तुकड्यावर माहीत असलेले प्रमाण सुकवून किती टक्के हाती येते ते आधी काढतात. हजाराव्या भागाच्या नियमात विषशास्त्राचा विचार नाही, हा त्यावरचा आक्षेप योग्यच होता. आता रुग्णाच्या सुरक्षिततेवरून काढलेली दैनिक मर्यादा (पीडीई) पायाभूत मानतात.

भरून झाल्यावर ज्यांना उष्णता देऊन निर्जंतुक करता येत नाही अशी इंजेक्शने निर्जंतुक वातावरणात भरतात. तिथे औषधाऐवजी जंतू वाढवणारे सोयाबीन-केसीन माध्यम भरून पूर्ण प्रक्रिया चालवतात. हे मीडिया फिल. माणसांची ये-जा, कपडे बदलणे, मध्येच यंत्र थांबवून केलेली दुरुस्ती, सारे त्यात घडवून आणतात. कुप्या 14 दिवस उबवतात. एकही गढूळ होऊ नये, म्हणजे तिच्यात जंतू वाढू नयेत, हे लक्ष्य. झालीच तर कारण शोधावे लागते.

प्रक्रियेसाठी एफडीएचे पहिले मार्गदर्शन 1987 मध्ये आले. तेव्हापासून सलग तीन यशस्वी बॅचची प्रथा रुजली आणि तीन बॅच झाल्या की फाइल बंद, असा समजही पसरला. जानेवारी 2011 च्या सुधारित मार्गदर्शनाने तीन टप्पे सांगितले: प्रक्रियेची रचना, तिची पात्रता आणि सततची पडताळणी. किती बॅच पुरेशा, हे प्रक्रियेच्या ज्ञानावरून आणि जोखमीवरून ठरवायचे. तीन हा आकडा त्यात कुठेही बंधनकारक नाही. कच्चा माल, यंत्र, बॅचचा आकार किंवा जागा बदलली, तर चेंज कंट्रोलमधून (बदलांना आधी मंजुरी देण्याच्या पद्धतीतून) परिणाम तपासून गरजेप्रमाणे व्हॅलिडेशन पुन्हा करतात. काहीच बदलले नाही तरी प्रत्येक बॅचचे आकडे आलेखावर मांडत राहतात, कारण मर्यादेच्या आत असूनही एका बाजूला सरकत चाललेली प्रक्रिया त्यातच आधी दिसते.