ए-प्लस जन्मभर चालतं?

‘कॉम्पटियाचं ए-प्लस एकदा काढलं की जन्मभर बघायला नको,’ असं हार्डवेअर शिकणाऱ्यांना अजून सांगितलं जातं. (कॉम्पटिया ही आयटीच्या परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देणारी संस्था; ए-प्लस हे तिचं कॉम्प्युटरच्या देखभाल-दुरुस्तीचं सर्टिफिकेट.) सांगणारा खोटं बोलत नसतो, त्याचं सर्टिफिकेट जुनं असतं! २०११ उजाडण्याआधी मिळवलेलं आजही तहहयात आहे. त्यानंतरचं मात्र तीनच वर्षांचं. सर्टिफिकेटवर मुदत संपण्याची तारीख छापलेली असते; फ्रेम करून भिंतीवर टांगल्यावर ती वाचतो कोण?

बरं, मुदत वाढवायला कोअर १ आणि कोअर २ हे दोन्ही पेपर पुन्हा द्यावेच लागतात, असंही नाही. तीन वर्षांत प्रशिक्षण वगैरेंतून २० सीईयू (म्हणजे पुढं शिकत राहिल्याचे गुण) जमवा, किंवा कॉम्पटियाचंच वरच्या पातळीचं नेटवर्क-प्लस नाहीतर सिक्युरिटी-प्लस सर्टिफिकेट काढा, की ए-प्लसचंही नूतनीकरण होतं. मुदत उलटून गेली, तर मात्र दोन्ही पेपर पहिल्यापासून.