किडनीचा आजार आणि तोंडाचे आरोग्य

किडनीचा आजार बळावला की तोंडाला अमोनियासारखा उग्र वास येतो आणि जेवणाला धातूची चव लागते. कितीही ब्रश केले तरी हा वास पुरता जात नाही, कारण त्याचे मूळ रक्तात असते. किडनीने बाहेर न टाकल्याने रक्तात साठलेला युरिया हा टाकाऊ पदार्थ लाळेत उतरतो आणि तोंडातले जीवाणू त्याचा अमोनिया करतात. त्यामुळे लाळ अल्कधर्मी होते. अशा लाळेत दात काही वेळा कमी किडतात, पण कीटण भराभर चढते आणि हिरड्या सुजतात. म्हणून दात किडलेले नसले तरी तपासणी टाळू नये.

डायलिसिसच्या रुग्णांना सर्वांत जास्त छळतो तो कोरडेपणा. पाण्यावर बंधन असते, त्यात लाळही कमी सुटते. घसा ओला करायला घोट घोट पाणी घेतले जाते आणि दोन डायलिसिसमधले वजन वाढते. त्यापेक्षा बिनसाखरेचे च्युइंग गम चघळावे किंवा नुसती चूळ भरून टाकावी. बर्फाचा खडा चोखला, तर तोही दिवसाच्या पाण्यात मोजावा.

अॅम्लोडिपिन (रक्तदाबाची गोळी) किंवा सायक्लोस्पोरिन (प्रत्यारोपणानंतर दिले जाणारे, प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) सुरू असताना दोन दातांमधली हिरडी फुगून दातावर चढू लागली, तर डॉक्टरांना दाखवावे. बऱ्याचदा औषध बदलता येते. गोळी परस्पर मात्र बंद करू नये.

दाढ काढायची असेल तर डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशीची वेळ घ्यावी. डायलिसिसमध्ये दिलेल्या हेपारिनचा, म्हणजे रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा, असर तोवर ओसरलेला असतो आणि रक्तही नुकतेच स्वच्छ झालेले असते. तरीही या आजारात प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशी, नीट काम करत नाहीत, त्यामुळे रक्त जास्त वेळ वाहू शकते. दंतवैद्यांना हे आधीच सांगावे. फिस्टुलाच्या (डायलिसिससाठी शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडलेल्या) हातावर रक्तदाब मोजू देऊ नये. दुखण्यासाठी आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक टाळून डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मात्रेत पॅरासिटामॉल घ्यावे. अँटिबायोटिकची मात्राही किडनीच्या क्षमतेनुसार बदलावी लागते.

किडनीचे प्रत्यारोपण ठरले असेल तर दातांचे एक्स-रे त्याआधीच काढून घ्यावेत. मुळाशी दडलेला पू कित्येकदा दुखतही नाही, पण प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे सुरू झाली की तोच संसर्ग पसरू शकतो. शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही महिने तातडीचे तेवढेच दंतोपचार करतात, बाकीचे पुढे ढकलतात.