हासळीच्या सांध्याची जुनी दुखापत

हासळी म्हणजे गळ्याखालचं आडवं हाड. खांद्याच्या टोकाला ते पाठीवरच्या फऱ्याला जिथे भेटतं तो छोटासा सांधा म्हणजे एसी जॉईंट, पूर्ण नाव अ‍ॅक्रोमिओक्लॅव्हिक्युलर, पण तेवढं कोणी म्हणत नाही. कबड्डीत हा लय मार खातो. पकडीत पोट्टा आडवा होतो, हात अंगाशी दाबलेला, अन् सगळं वजन खांद्याच्या टोकावर आपटतं. मोटरसायकलवरून पडल्यावरही हेच.

डॉक्टर याचे ६ प्रकार करतात, १९८४ चं रॉकवूड वर्गीकरण. पहिल्यात लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारी दोरी, नुसतं ताणतं. दुसऱ्यात सांध्यावरचं तुटतं पण हासळीला खालून धरणारं टिकतं, तिसऱ्यात दोन्ही जातात अन् हाड वर उचललेलं दिसतं. पहिले दोन ऑपरेशनशिवाय बरे होतात, तिसराही बहुतेक वेळा, पुढच्या तिघांना मात्र सहसा ऑपरेशनच लागतं.

खरी भानगड पहिल्या दोनात आहे. "लचकलं बे, काई नाई होत" म्हणून झोळीत हात आठवडा-दोन आठवडे ठेवायचा तो दोन दिवसात काढतात, हाडवैद्याकडून जोरात चोळून घेतात, अन् महिन्या-दोन महिन्यांनी त्या कुशीवर झोपलं की ठणका. आत कुर्च्याची बारीक चकती असते, ती फाटली किंवा सांधा झिजत गेला तर दुखणं मुरतं. ओळखायची खूण सोपी, दुखऱ्या बाजूचा हात छातीवरून आडवा दुसऱ्या खांद्याकडे न्यायचा, नेमकं टोकावर दुखलं की संशय घ्यायचा, नक्की काय ते एक्स-रे अन् तपासणीतच कळतं.

आपल्याकडे खेळ बंद केला तरी काम कुठं बंद होते. कपाशीवर फवारणीचा १६ लिटरचा पंप पाठीवर घेतला की पट्टा बरोबर हासळीवरूनच जातो, भरलेला पंप १६ किलोच्या वर, अन् हलत राहतो तो वेगळाच. सोयाबीनचं पोतं खांद्यावर टाकणं तसंच. जिममधले बेंच प्रेस अन् डिप्सही या सांध्यावर असाच ताण देतात. म्हणून माझ्या मते पहिला इलाज म्हणजे पट्टा अन् पोतं टाळणं, गोळी नंतर. पंप दुसऱ्याला द्या, नाहीतर अर्धाच भरा अन् पट्ट्याखाली जाड फडकं घाला.

नव्या मारावर फडक्यात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं. ठणका उतरला की वाकून हात लोंबता ठेवून झोके द्यायचे, मग दोन्ही फरे मागे ओढून धरायचे, नंतर रबरी पट्ट्याचे व्यायाम. डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी मेडिकलवरून आणून रोज खाणं वाईट, पोट अन् किडनी दोन्हीला लागते. तरी राहिलंच तर सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, आराम पडतो पण काही काळच, अन् अगदीच हटत नसेल तर हासळीचं टोक थोडं कापून काढतात. कबड्डीला परत उतरायचं तर हात पूर्ण वर जायला हवा, न दुखता. खांद्यावरचं टेंगूळ मात्र बरं झाल्यावरही तसंच राहू शकते.