खुलासा: एनएलआर 3.5 च्या वर म्हणजे आजार गंभीरच, असं नाही

कोरोनाच्या काळापासून एक मेसेज फिरतोय: सीबीसी या रक्ततपासणीच्या रिपोर्टमधल्या न्यूट्रोफिलच्या टक्क्यांना लिम्फोसाइटच्या टक्क्यांनी भागा (या दोन्ही पांढऱ्या रक्तपेशी, आणि त्यांचं हे गुणोत्तर म्हणजे एनएलआर), उत्तर 3.5 च्या वर आलं तर आजार गंभीर होणार, खाली आलं तर बिनधास्त राहा. यातला भागाकार तेवढा बरोबर आहे.

न्यूट्रोफिल 72, लिम्फोसाइट 18, म्हणजे एनएलआर 4. पण हा 4 कशामुळे आला, ते आकडा सांगत नाही. जिवाणूंचा संसर्ग, ऑपरेशन, हार्ट अटॅक, गरोदरपण, एवढंच काय, नुकताच केलेला जोरदार व्यायामही तो वाढवू शकतो. स्टेरॉइडचं तर विचारूच नका: गोळी घेतल्यावर काही तासांतच रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटलेले न्यूट्रोफिल प्रवाहात येतात, लिम्फोसाइट घटतात आणि गुणोत्तर चढतं. दम्यासाठी प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड घेणाऱ्याने नुसत्या त्या आकड्यापायी रात्र जागून काढू नये.

खोटा दिलासा मला जास्त घातक वाटतो. डेंग्यूत लिम्फोसाइटचं प्रमाण बऱ्याचदा वाढतं, त्यामुळे एनएलआर 1 च्याही खाली दिसू शकतो आणि त्याच वेळी प्लेटलेट कोसळत असतात. लहान मुलांत तर लिम्फोसाइट मुळातच जास्त. मोठ्यांचा हिशेब त्यांना लागू नाही.

गुणोत्तर निरुपयोगी मात्र नाही. स्लोव्हाकियातल्या डॉ. झाहोरेत्स यांनी 2001 मध्ये आयसीयूतल्या रुग्णांसाठी ते सुचवलं. डॉक्टर ते ऑक्सिजन, ताप, सीआरपी (शरीरातला दाह दाखवणारी रक्ततपासणी) यांच्या जोडीने, दिवसागणिक कसं बदलतंय ते बघत वापरतात. धाप लागत असेल तर एनएलआर 2 आला म्हणून घरी थांबू नका.