कुबट वासाचा माग

बंद कपाट उघडताच नाकात शिरणाऱ्या कुबट दर्पाला आपण ‘ओलीचा वास’ म्हणतो; पण शुद्ध पाण्याला वास नसतो. वास येतो तो ओलीवर पोसलेल्या बुरशीचा आणि जिवाणूंचा. प्लायवूड, पुस्तकांचे पुठ्ठे, चामडे, रंगाचा थर यांतले सेंद्रिय पदार्थ पचवताना हे जीव सहज उडून जाणारी संयुगे हवेत सोडतात. त्यांपैकी १-ऑक्टेन-३-ऑल या अल्कोहोलाला अळंबीसारखा वास असतो, तर १९६५ मध्ये गर्बर आणि लेशव्हेलियर या शास्त्रज्ञांनी वेगळे काढलेल्या जिओस्मिनला पहिल्या सरीनंतरच्या मातीचा. एक लिटर पाण्यात ग्रॅमचा दहा कोटीवा भाग इतके जिओस्मिन असले, तरी ते बहुतेकांच्या नाकाला जाणवते. त्यामुळे भिंतीवर काळा ठिपका दिसण्याच्या कितीतरी आधी वास येऊ लागतो, आणि ‘डाग कुठे दिसत नाही, म्हणजे बुरशी नसेल’ हा युक्तिवाद टिकत नाही.

नाकाची एक अडचण मात्र आहे. सतत येणारा वास ते काही मिनिटांतच दुर्लक्षू लागते, म्हणूनच घरच्यांना न जाणवणारा वास पाहुण्याला दारातच येतो. शोध घ्यायचा असेल तेव्हा खोल्या काही तास बंद ठेवाव्यात, आपण बाहेर जाऊन यावे आणि आल्या आल्या कोपरे, कपाटांच्या पाठी, सिंकखालची जागा हुंगत फिरावे. वास कुठे येतो याइतकेच तो कधी वाढतो हेही टिपून ठेवावे, किंबहुना माझ्या मते ते अधिक महत्त्वाचे आहे: पावसानंतर, आंघोळीनंतर, थंड पहाटे, की बाराही महिने सारखाच? वास सडक्या अंड्यासारखा असेल, तर प्रकरण बहुधा वेगळे असते. न वापरलेल्या मोरीच्या जाळीखालच्या वळणातले पाणी आटते आणि सांडपाण्याच्या नळीतले वायू घरात येतात. तिथे तांब्याभर पाणी ओतले की पुष्कळदा काम भागते.

ओल घरात येण्याच्या वाटा मोजक्याच आहेत. छतातून किंवा बाहेरच्या भिंतीतून झिरपणारे पावसाचे पाणी, नळांची गळती, जमिनीतून केशाकर्षणाने वर चढणारी ओल आणि हवेतल्या बाष्पाचे थंड पृष्ठभागावर होणारे पाणी. यातली शेवटची वाट सर्वांत फसवी, कारण तिथे गळणारे असे काहीच सापडत नाही. समजा, खोलीचे तापमान २५ अंश सेल्सिअस आणि सापेक्ष आर्द्रता ६० टक्के आहे. या हवेचा दवबिंदू सुमारे १७ अंश, म्हणजे तितक्या थंड भिंतीवर पाण्याचे थेंब धरतील. पण बुरशीला थेंबांची गरजच नसते. पृष्ठभागालगतच्या हवेची आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली तरी तिचे भागते, आणि आपल्या उदाहरणात ती अवस्था भिंत सुमारे २० अंशांवर असतानाच येते. बाहेरच्या भिंतीला टेकवलेल्या कपाटामागे खोलीतली ऊब पोहोचत नाही आणि वाराही खेळत नाही. त्यामुळे खोलीच्या मध्यावरचा आर्द्रतामापक निर्धास्त ६० दाखवत असताना कपाटाच्या पाठीवर बुरशी सुखाने वाढत असते.

ओल भिंतीच्या आतून येते की खोलीतून, हे ठरवायला एक साधा प्रयोग पुरतो. भिंतीचा फूटभर चौरस तुकडा ड्रायरने वरवर कोरडा करावा, त्यावर पारदर्शक प्लॅस्टिक ठेवून चारही कडा चिकटपट्टीने हवाबंद कराव्यात आणि एक-दोन दिवस थांबावे. खोलीकडच्या बाजूला दव धरले तर दोष हवेतल्या बाष्पाचा. भिंतीकडच्या बाजूला धरले तर पाणी भिंतीत आहे. मग घरातले सगळे नळ बंद करून पाण्याच्या मीटरचा आकडा लिहून ठेवावा. दोन तासांनी तो पुढे सरकलेला असेल, तर नळी कुठेतरी गळते आहे. डाग जिथे दिसतो तिथेच गळती असेल असे मात्र समजू नये, कारण पाणी स्लॅबमधून आडवे बरेच लांब जाते. जमिनीतून चढणारी ओल सहसा मीटरभर उंचीपर्यंतच जाते आणि वरच्या कडेला लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी रेघ सोडते. हे क्षार हवेतले बाष्प ओढून घेतात, म्हणून मूळ दुरुस्तीनंतरही लोणा लागलेला गिलावा दमट दिवसांत ओला दिसतो; तो काढावाच लागतो.

‘खिडक्या उघडा’ हा सल्ला नेहमीच बरोबर नसतो. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के आर्द्रता असेल, तर तिथल्या प्रत्येक घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम बाष्प असते. २४ अंशांपर्यंत गार केलेल्या खोलीतली हवा जेमतेम २२ ग्रॅम धरू शकते. अशा वेळी खिडकी उघडणे म्हणजे ओलीला आमंत्रणच. त्या दिवसांत आर्द्रता शोषणारे यंत्र उपयोगी पडते. एरवी बाष्प जिथे तयार होते तिथूनच, म्हणजे स्वयंपाकघर आणि न्हाणीघरातून, पंख्याने बाहेर काढावे आणि कपाट भिंतीपासून पाच-दहा सेंटिमीटर पुढे ओढावे.

ब्लीचबद्दल मला फारसा आदर नाही. टाइलवर ते चालते, पण सच्छिद्र गिलाव्यावर रंग तेवढा उडतो आणि आत शिरलेले बुरशीचे तंतू शिल्लक राहतात. आम्ल किंवा अमोनिया असलेल्या द्रवात ते मिसळले तर विषारी वायू सुटतो. कोरड्या ब्रशने खरवडल्यास बीजाणू घरभर उडतात, म्हणून मास्क लावून ओल्या फडक्याने पुसावे. दम्याच्या रुग्णाने या कामापासून लांबच राहावे. बुरशी चौरस मीटरपेक्षा अधिक पसरली असेल, तर जाणकाराला बोलवावे.

सर्वांत घाई होते ती रंगाची. ओल्या भिंतीवर जलरोधक रंग दिला की पाणी आत कोंडते आणि काही महिन्यांत पोपडे सुटतात. पाण्याची वाट बंद केल्यावरही बांधकाम वाळायला जाडीच्या दर २५ मिलिमीटरला साधारण महिना लागतो, असा जुना ठोकताळा आहे. म्हणजे नऊ इंची भिंत पूर्ण भिजली असेल, तर पाऊण वर्ष. दरम्यान तेच प्लॅस्टिक अधूनमधून पुन्हा चिकटवून पाहावे आणि त्याची भिंतीकडची बाजू कोरडी निघेपर्यंत रंगाचा डबा उघडू नये.