वॉटर्स यांचा प्रयोग आणि गिल्मर यांची मैफल : ‘पिंक फ्लॉइड पाहिले’ म्हणजे नेमके काय पाहिले?

जुन्या ब्रिटिश रॉक संगीताच्या चाहत्यांच्या गप्पांत ‘मी पिंक फ्लॉइड प्रत्यक्ष पाहिलेत’ असे कोणी म्हणाले, तर पहिला प्रश्न सालाचा विचारावा. उत्तर १९९४ किंवा त्याआधीचे असेल, तर बोलणाऱ्याचा दावा खरा मानायला हरकत नाही, कारण त्या वर्षी २९ ऑक्टोबरला लंडनच्या अर्ल्स कोर्टमध्ये या बँडच्या अखेरच्या दौऱ्याचा अखेरचा कार्यक्रम झाला. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये ‘लाइव्ह एट’ या मैफलीच्या निमित्ताने बँडमधले चौघे पुन्हा एकत्र उभे राहिले खरे, पण ते चार गाण्यांपुरतेच. एरवी १९९४ नंतरचे साल सांगणारा माणूस बहुतेक वेळा याच बँडमधल्या रॉजर वॉटर्स यांच्या किंवा डेव्हिड गिल्मर यांच्या स्वतंत्र कार्यक्रमाला गेलेला असतो, आणि या दोन गोष्टी एकच समजण्याची चूक भलेभले करतात.

मुंबईचे उदाहरण घ्यावे. फेब्रुवारी २००७ मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलातील एमएमआरडीए मैदानावर ‘द डार्क साइड ऑफ द मून’ हा अल्बम पहिल्या ठोक्यापासून शेवटपर्यंत सादर झाला, आणि आपल्याकडच्या अनेकांच्या आठवणीत तो ‘फ्लॉइड मुंबईत आले होते तेव्हा’ असाच नोंदला गेला आहे. वस्तुतः तो वॉटर्स यांचा स्वतःच्या नावाने निघालेला दौरा होता. पिंक फ्लॉइड हा बँड भारतात कधी आलाच नाही.

गोंधळाचे मूळ नावाच्या मालकीत आहे. १९६५ मध्ये लंडनमध्ये सिड बॅरेट, रॉजर वॉटर्स, निक मेसन आणि रिचर्ड राइट यांनी हा बँड उभा केला; १९६८ च्या सुरुवातीला गिल्मर त्यात आले आणि काही महिन्यांतच बॅरेट बाहेर पडले. १९७३ ते १९७९ या काळातल्या ज्या चार अल्बमांवर आजही सगळी पुण्याई उभी आहे, त्यांत शब्द आणि कल्पना प्रामुख्याने वॉटर्स यांच्या, तर गिटार आणि बहुतेकांच्या कानात बसलेला तो मऊ आवाज गिल्मर यांचा. १९८५ च्या अखेरीस वॉटर्स बाहेर पडले तेव्हा आपण गेलो म्हणजे बँड संपला, अशी त्यांची धारणा होती. गिल्मर आणि मेसन यांना ती मान्य नव्हती. प्रकरण कोर्टापर्यंत गेले आणि डिसेंबर १९८७ मध्ये टेम्स नदीवरच्या गिल्मर यांच्या ‘ॲस्टोरिया’ या हाउसबोटीवर तडजोड झाली. नाव गिल्मर आणि मेसन यांच्याकडे राहिले, ‘द वॉल’च्या रंगमंचीय प्रयोगाचा हक्क वॉटर्स यांना मिळाला. मैदानावर तरंगणाऱ्या त्या प्रसिद्ध फुगवलेल्या डुकरावरूनही वाद झाला होता, आणि हक्काचा प्रश्न टाळण्यासाठी गिल्मर यांच्या बाजूने आपल्या डुकराला ठळकपणे नर करून घेतले, ही गोष्ट चाहते अजून चवीने सांगतात.

१९१३ मध्ये बालगंधर्व, गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस किर्लोस्कर नाटक मंडळीतून बाहेर पडले, तेव्हा जुने नाव मागे राहिलेल्यांकडे राहिले आणि प्रेक्षक मात्र निघून गेलेल्या नटांमागे गेले. इथे नेमके उलटे झाले. १९८७ मध्ये वॉटर्स आणि नवे पिंक फ्लॉइड हे दोघेही एकाच सुमारास अमेरिकेत दौऱ्यावर होते. गर्दी नावामागे गेली, आणि ज्याने ती गाणी लिहिली तो माणूस त्यामानाने लहान सभागृहांतून गात राहिला.

आता या दोघांचे कार्यक्रम प्रत्यक्षात कसे असतात ते पाहू. वॉटर्स यांचा कार्यक्रम हा मुळात नाट्यप्रयोग असतो, आणि गाणी त्या प्रयोगासाठी असतात. ‘द वॉल’मध्ये वादक आणि प्रेक्षक यांच्यामध्ये विटेवर वीट चढत प्रचंड भिंत उभी राहते, मध्यंतरापर्यंत वादक तिच्याआड जवळजवळ दिसेनासे होतात, तिच्यावर व्यंगचित्रकार जेराल्ड स्कार्फ यांची रेखाटने हलू लागतात आणि शेवटी ती कोसळते. १९८०–८१ मध्ये पिंक फ्लॉइडला हे प्रकरण इतके खर्चिक पडले, की लॉस एंजेलिस, न्यूयॉर्कजवळचे युनियनडेल, डॉर्टमुंड आणि लंडन एवढ्या चारच ठिकाणी मिळून ३१ प्रयोग होऊ शकले. या प्रयोगांत बँडला तोटा झाला. मात्र त्याआधीच बँडमधून काढून टाकलेले आणि केवळ पगारावर वाजवणारे रिचर्ड राइट यांनाच काय ते पैसे मिळाले. तीन दशकांनी, २०१० ते २०१३ या काळात, वॉटर्स यांनी हाच प्रयोग स्वतःच्या नावाने २१९ वेळा केला. त्यांच्या कार्यक्रमात आवाज प्रेक्षकांच्या चारही बाजूंनी येतो; हेलिकॉप्टर डोक्यावरून जाते, मागच्या रांगेत कुणीतरी हसते, पडद्यावर मजकूर उमटत राहतो. वॉटर्स स्वतः बरेचदा हातात वाद्य न घेता, सूत्रधारासारखे, रंगमंचाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरत असतात.

गिल्मर यांच्याकडे गेल्यावर दिव्यांची कमतरता जाणवत नाही. फ्लॉइडच्या कार्यक्रमांतला वर्तुळाकार पडदा तिथेही असतो, आणि फ्लॉइडच्या दौऱ्यांची प्रकाशयोजना करणारे मार्क ब्रिकमन त्यांच्याकडेही काम करतात. पण तिथे दिवे सुरांच्या मागून चालतात. गिल्मर जागचे फारसे हलत नाहीत, बोलतात अगदी मोजके; एखाद्या सुरावर ते थांबले तर सगळा कार्यक्रम त्यांच्याबरोबर थांबतो. नाट्यपद नाटकात म्हटले जाते तेव्हा त्याला प्रसंगाचे भान ठेवावे लागते, आणि तेच पद मैफलीत आले की गायक त्याच्या एका ओळीशी पाहिजे तितका वेळ खेळू शकतो. वॉटर्स आणि गिल्मर यांच्यातला फरक मला जवळपास असाच वाटतो.

हा फरक सर्वांत स्वच्छ दिसतो तो ‘कम्फर्टेबली नम’ या एका गाण्यात, कारण ते दोघांचे आहे आणि दोघेही ते गातात. त्याची चाल मुख्यतः गिल्मर यांची आणि शब्द वॉटर्स यांचे. मूळ ध्वनिमुद्रणात कडव्यांमध्ये वॉटर्स यांचा डॉक्टर बोलतो, धृपदात गिल्मर यांचा रुग्ण उत्तर देतो, आणि मग दोन गिटारवादनांपैकी दुसरे, लांबलचक, गाण्याला कुठल्या कुठे घेऊन जाते. मूळ प्रयोगांत हे वाजवताना गिल्मर भिंतीच्या माथ्यावर उभे असत. म्हणजे गाण्याच्या रचनेतच दोन माणसे गृहीत आहेत, आणि वेगळे झाल्यावर प्रत्येकाला दुसऱ्याची जागा कुणीतरी भरून काढणे भाग पडले.

वॉटर्स यांनी ती जागा भूमिकेसारखी भरली. जुलै १९९० मध्ये बर्लिनच्या पॉट्सडामर प्लाट्झवर, बर्लिनची भिंत पडल्याला वर्षही झाले नव्हते तेव्हा, त्यांनी धृपद गायक व्हॅन मॉरिसन यांच्याकडून गाऊन घेतले. २०१० नंतरच्या दौऱ्यात भिंतीवरून गाणारे रॉबी वायकॉफ आणि गिटार वाजवणारे डेव्ह किलमिन्स्टर होते. नट बदलला तरी प्रयोग चालू राहतो, असाच हा हिशेब आहे. गिल्मर यांच्याकडे प्रश्न कडव्यांचा होता. २००६ मध्ये ती राइट गात असत, आणि त्या वर्षीच्या मे महिन्यात रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका रात्री डेव्हिड बोवी यांनी गायली. बोवी यांचे गाणे सुंदरच आहे, पण ते ऐकतानाही डॉक्टरातला थंडपणा कमी पडतो असे मला वाटते. त्या दौऱ्यात श्रोते कडवे संपण्याची वाट पाहत असतात, तर वॉटर्स यांच्याकडे ते कडव्यांनीच अस्वस्थ होतात.

२०२२ मध्ये वॉटर्स यांनी त्याही पुढे जाऊन या गाण्यानेच कार्यक्रमाची सुरुवात केली, त्याची पट्टी खाली आणली, गती संथ केली आणि गिटारवादन पूर्णपणे काढून टाकले. अनेक चाहते यावर चिडले. मला हा बदल आवडला नसला तरी तो प्रामाणिक वाटतो, कारण जे वादन मुळात दुसऱ्या माणसाचे आहे त्याची नक्कल तिसऱ्याकडून करून घेण्यापेक्षा ते नसलेले बरे, ही भूमिका समजण्यासारखी आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी ‘डार्क साइड’ अख्खा नव्याने ध्वनिमुद्रित केला तेव्हाही गिटारच्या जागी पुष्कळदा त्यांचे बोलणे आहे. गिल्मर यांनी मात्र आपली प्रसिद्ध काळी गिटार २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात विकून टाकली. तिला ३९ लाख ७५ हजार डॉलर मिळाले आणि लिलावाची सगळी रक्कम पर्यावरणाच्या कामाला गेली. त्यानंतर २०२४ च्या मैफलींत दुसरी गिटार घेऊनही ते गाणे त्यांनी शेवटी तसेच वाजवले.

कार्यक्रमात कोणती गाणी असतील, याचा अंदाजही यावरून बांधता येतो. ‘टाइम’, ‘मनी’ किंवा ‘विश यू वेअर हिअर’ दोघांकडेही ऐकायला मिळू शकतात, त्यामुळे एवढ्यावरून ओळख पटत नाही. पण ‘हाय होप्स’, ‘सॉरो’ किंवा ‘कमिंग बॅक टू लाइफ’ ऐकायचे असेल तर गिल्मर यांच्याकडेच जावे लागते, कारण ही गाणी वॉटर्स गेल्यानंतरच्या फ्लॉइडची आहेत आणि वॉटर्स त्यांना हातही लावत नाहीत. उलट ‘ॲनिमल्स’मधली ‘पिग्ज’ आणि ‘शीप’ ही धारदार गाणी हवी असतील तर वॉटर्स यांच्याकडे जावे. भौगोलिक फरकही आहे. २०२४ मध्ये गिल्मर यांनी मुख्यतः रोम, लंडन, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क येथे तळ ठोकून कार्यक्रम केले, रोममध्ये तर सर्कस मॅक्सिमसच्या प्राचीन मैदानात सहा रात्री. २०१६ मध्ये ते पॉम्पेईच्या त्याच ॲम्फिथिएटरमध्ये वाजवून आले, जिथे १९७१ मध्ये फ्लॉइडने एकाही श्रोत्याशिवाय, केवळ कॅमेऱ्यासमोर वादन केले होते. वॉटर्स यांचे दौरे मात्र लांबवर पसरतात. आपल्याकडच्या चाहत्याने दोघांपैकी एकालाच पाहिले असेल, तर ते वॉटर्स असण्याची शक्यता अधिक आहे, त्याचे कारण हे.

ओळखीत आणखी एक पेच आहे तो वादकांचा. जॉन कॅरिन हे कळफलकवादक १९८७ आणि १९९४ मध्ये फ्लॉइडबरोबर होते, पुढे ते वॉटर्स यांच्याबरोबरही वाजवत आणि गिल्मर यांच्याबरोबरही. साथीदारांकडे पाहून तंबू ओळखायला जाल तर फसाल. त्यामानाने घरची मंडळी अधिक विश्वासार्ह ठरतात : वॉटर्स यांच्या २००७ च्या दौऱ्यात त्यांचा मुलगा हॅरी ऑर्गनवर होता, तर २०२४ मध्ये गिल्मर यांच्या मैफलीत त्यांची मुलगी रोमनी गात होती.

राजकारणाबद्दल मात्र वॉटर्स यांच्याकडे कुणीही अंधारात राहत नाही. २०२२–२३ च्या दौऱ्यात कार्यक्रम सुरू होण्याआधीच अशी सूचना दिली जाई, की ज्यांना फ्लॉइड आवडते पण वॉटर्स यांचे राजकारण सहन होत नाही, त्यांनी खुशाल बाहेर बारमध्ये जावे. २०२३ मध्ये फ्रँकफर्टमधला कार्यक्रम रद्द करण्याचा तिथल्या प्रशासनाचा निर्णय कोर्टात टिकला नाही आणि कार्यक्रम झाला. त्यांची मते पटोत वा न पटोत, ती कार्यक्रमातून वगळा म्हणणे म्हणजे नाटकातून संवाद वगळा म्हणण्यासारखे आहे. गिल्मर यांनी एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनसाठी मेसन यांच्यासह पिंक फ्लॉइड या नावाने एक गाणे प्रसिद्ध केले, पण त्यांच्या मैफलीचा पोत त्याने बदललेला नाही.

तिसऱ्या तंबूचा उल्लेख करायलाच हवा. निक मेसन २०१८ पासून स्वतःचा संच घेऊन १९७३ पूर्वीची, बॅरेट यांच्या काळातली आणि त्यानंतरच्या शोधाच्या वर्षांतली गाणी वाजवतात; त्यात ‘द वॉल’ नाही आणि ‘मनी’ही नाही. फ्लॉइडचे हुबेहूब अनुकरण करणारे संच वेगळेच, जरी त्यांतल्या एका ऑस्ट्रेलियन संचाला स्वतः गिल्मर यांनी आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला वाजवायला बोलावले होते.

आणि मग एक रात्र अशी आहे, जिथे वरचा सगळा हिशेब कोलमडतो. २०१० मध्ये एका मदतनिधीच्या कार्यक्रमात आपल्याबरोबर एक जुने गाणे गावे, म्हणून गिल्मर यांनी वॉटर्स यांना गळ घातली. वॉटर्स का-कू करू लागले तेव्हा, तुम्ही हे गायलात तर मी तुमच्या ‘द वॉल’च्या एका प्रयोगात ‘कम्फर्टेबली नम’ वाजवीन, असा शब्द त्यांनी दिला. १२ मे २०११ रोजी लंडनच्या ओटू सभागृहात वॉटर्स यांनी खालून कडवे म्हटले आणि धृपदाच्या वेळी प्रकाश भिंतीच्या माथ्यावर गेला, तर तिथे गिल्मर उभे होते. शेवटी भिंत पडल्यावर ते मँडोलिन घेऊन आले आणि मेसन खंजिरी घेऊन. हयात असलेले तिघेही त्या रात्री एकाच रंगमंचावर होते, आणि कार्यक्रम मात्र जाहीर झाला होता एकट्या वॉटर्स यांच्या नावाने.