दूध सोडलंस म्हणून दमतेस का?

आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचं ठाम मत आहे की मी दमते कारण मी दूध-तूप सोडलं. जिन्यात भेटल्या की सुरूच, "अगं वरणभातावर चमचाभर साजूक तूप घेत जा, बघ कशी तरतरी येते." मी ३ वर्षांपासून व्हीगन आहे, म्हणजे प्राण्यांपासून आलेलं काहीच घेत नाही, पोरगी ६ वर्षांची, घरात आम्ही दोघीच, सकाळी साडेपाचला उठून डबा, ७ वाजता स्कूल व्हॅन, मग नाशिकच्या सिडकोतून अंबडला ऑफिस, संध्याकाळी परत येऊन होमवर्क, कुकर, भांडी, आणि हे सगळं करणारं दुसरं माणूस नाही, त्यामुळे दमत होते हे तर खरंच. पण नुसतं दमणं नाही, सहा वाजता बिल्डिंगच्या गेटपाशी आल्यावर वाटायचं की इथेच पायरीवर बसावं. शेवटी रक्ताचे रिपोर्ट काढले, डॉक्टरांना दाखवले, मग स्वतःच वाचत बसले. काकू अर्ध्या बरोबर निघाल्या म्हणा. तुपाचा काही संबंध नाही, दुधाचा थोडा आहे.

मराठीत आपण सगळ्याला "दमले" म्हणतो. शरीरात मात्र ती चार-पाच वेगवेगळी भानगड असते आणि संध्याकाळी सहा वाजता सगळ्या सारख्याच जाणवतात. एकावर काकडी-गाजर चालत नाही, दुसरीवर गोळी चालत नाही.

दुधाचा संबंध येतो तो बी१२ मुळे. हे जीवनसत्त्व झाडंही बनवत नाहीत आणि प्राणीही नाही, फक्त बॅक्टेरिया बनवतात. गाईच्या पोटातल्या पहिल्या कप्प्यात ते बॅक्टेरिया असतात, त्यांना चाऱ्यातून थोडं कोबाल्ट मिळालं की ते बी१२ तयार करतात आणि ते दुधात उतरतं. म्हणजे गाय ही मधली एजंट. मोठा ग्लासभर दुधात साधारण १ मायक्रोग्रॅम, आणि मोठ्या माणसाची रोजची गरज साधारण २.२ मायक्रोग्रॅम, वर्षभराची बेरीज केली तरी १ मिलिग्रॅम होत नाही. एवढीशी गोष्ट, पण तिच्यावाचून रक्ताच्या पेशी नीट तयार होत नाहीत आणि नसांवरचं आवरण खराब व्हायला लागतं.

आणि फसगत होते ती इथेच, कारण लिव्हरमध्ये बी१२ चा साठा असतो, भरलेला असेल तर काही वर्षं पुरतो. म्हणून दूध सोडल्यावर पहिलं वर्ष एकदम मस्त जातं, माणूस सगळ्यांना सांगत सुटतो की बघा मला काही झालं नाही (मीही सांगितलंय). पण आपल्याकडे मुळात साठाच तोकडा असतो. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या टीमने पुण्याजवळच्या ६ गावांतल्या गरोदर बायकांचा अभ्यास १९९३ मध्ये सुरू केला, त्यात निम्म्याहून जास्त जणींचं बी१२ कमी होतं. त्या काही व्हीगन नव्हत्या, आपल्यासारख्या चहात दूध घालणाऱ्याच होत्या.

ह्याच्यावर खात्रीचा उपाय म्हणजे बी१२ बाहेरून घेणं, गोळी किंवा डॉक्टर देतील ते इंजेक्शन. स्पिरुलिनात जे असतं ते बरंचसं बी१२ सारखं दिसणारं पण आपल्याला न चालणारं असतं, आणि आंबील, इडली, आंबवलेलं काहीही ह्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. गोळीवरचा आकडा बघून मी घाबरले होते, १००० मायक्रोग्रॅम, गरज दोनची आणि गोळी हजाराची? त्याचं कारण असं की आतड्यात बी१२ ला हात धरून आत नेणारी जी यंत्रणा आहे ती एका वेळी दीड-दोन मायक्रोग्रॅमच नेऊ शकते, बाकीच्यातलं साधारण १ टक्का आपोआप झिरपतं, उरलेलं बाहेर. किती आणि किती दिवसांनी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा. आणि हो, कमतरता नसताना जास्त घेतली म्हणून जास्त ताकद येत नाही, गाडीत ऑइल पुरेसं असताना अजून ओतलं म्हणून ॲव्हरेज वाढत नाही, तसंच हे.

आता माझ्या रिपोर्टमधली सगळ्यात विचित्र गोष्ट. हिमोग्लोबिन थोडंसंच कमी होतं, पेशींचा आकार नॉर्मल, आणि तरी बी१२ पण कमी आणि फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तोही तळाला. झालं काय होतं, बी१२ कमी पडलं की लाल पेशी मोठ्या होतात आणि लोह कमी पडलं की लहान होतात, दोन्ही एकदम कमी असलं की सरासरी येते बरोबर मध्ये! दोन चोर एकमेकांची साक्ष देतात. म्हणून नुसतं सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, बघून "नॉर्मल आहे" म्हणून घरी येऊ नका, बी१२, फेरिटिन आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची टेस्ट, ह्याबद्दल विचारा.

अजून एक झाकणारा आहे, फोलेट, हेही बी गटातलंच एक जीवनसत्त्व. त्याची गोष्ट आपल्या मुंबईतली आहे. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्लिश डॉक्टर बाई मुंबईत आल्या, गिरणीत काम करणाऱ्या गरोदर बायकांना एक वेगळाच ॲनिमिया होत होता तो शोधायला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो हे त्यांनी १९३१ मध्ये छापलं, आणि त्यातला बरा करणारा पदार्थ म्हणजे फोलेट हे नंतर कळलं. व्हीगन माणसाच्या पोटात डाळी, पालेभाज्या, म्हणजे फोलेट भरपूर जातं, त्यामुळे बी१२ कमी असलं तरी रक्त बऱ्यापैकी ठीक दिसतं आणि तिकडे नसा मात्र कुरकुरत राहतात. हातापायाला मुंग्या, जिभेची आग, शब्द न आठवणं, ही लक्षणं दिसली तर "कामाचं टेन्शन असेल" म्हणून सोडू नका.

लोहाचं मात्र ताटातच जमतं, निदान बरंचसं. आपल्या पोह्यांची प्लेट घ्या. पोह्यात लोह असतं, वरून लिंबू पिळतो, त्यातलं सी जीवनसत्त्व ते लोह शोषायला मदत करतं, कधी दुप्पट तर कधी त्याहून जास्त. इतपर्यंत आजीने सगळं बरोबर केलंय. आणि मग बाजूला कपभर चहा ठेवतो! चहातली टॅनिन्स लोहाला चिकटून बसतात आणि त्या जेवणातलं शोषण निम्म्याहून खाली आणू शकतात. कोरा चहा असला तरी तेच, उलट व्हीगन झाल्यावर मी जास्तच कडक कोरा घ्यायला लागले होते, दिवसाला चार कप, प्रत्येक खाण्याबरोबर एक (सोया दूध घालून बघितलं, गरम चहात फाटतं, मग नाद सोडला). आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, बाईला रोज २९ मिलिग्रॅम लोह सांगितलंय आणि पुरुषाला १९, आणि मी त्यातलं येईल ते चहात बुडवत होते. आता खाणं आणि चहा ह्यात तास-दीड तास जाऊ देते. ह्याला एक रुपया लागला नाही.

मोड आणणं ही दुसरी युक्ती. कडधान्यात फायटेट असतं, तेही लोह-झिंक धरून ठेवतं, भिजवून मोड आणले की दाण्यातलंच एक एन्झाइम त्याला तोडतं. रविवारी मी अर्धा किलो मटकी भिजवते, फडक्यात बांधते, दोन दिवसांनी मोड आले की डब्यात भरून फ्रिजमध्ये, मग आठवडाभर पाच मिनिटांत उसळ. त्यात कांदा-लसूण सढळ हाताने. म्हैसूरच्या सीएफटीआरआय ह्या अन्न-संशोधन संस्थेतल्या संशोधकांनी २०१० मध्ये प्रयोगशाळेत बघितलं की कांदा आणि लसूण घातल्यावर धान्य-डाळींमधलं लोह आणि झिंक जास्त मोकळं होतं. लासलगावच्या जिल्ह्यात राहून कांद्याची टंचाई कोणाला आहे. ह्या हिशोबाने नाशिकची मिसळ फारच शहाणी निघते, मोडाची मटकी, कच्चा कांदा, लिंबू, सोबत पाव, म्हणजे डाळीच्या प्रोटीनमध्ये जे कमी ते गव्हात आणि गव्हाच्या प्रोटीनमध्ये जे कमी ते डाळीत. दह्याची वाटी परत द्यायची फक्त. तर्रीच्या तेलाचं मी काही बोलत नाही.

पण माझ्या दमण्याचं एक कारण इतकं साधं होतं की लाज वाटली. मी पुरेसं खातच नव्हते. सकाळी पोरीने डब्यासाठी नको म्हटलेली अर्धी पोळी, दुपारी घाईत कोशिंबीर-भात, रात्री तिच्या ताटात उरलेलं. एकट्या आईचं जेवण म्हणजे उरलेलं. व्हीगन जेवणात पाणी आणि चोथा जास्त, पोट भरल्यासारखं वाटतं पण कॅलरी कमी गेलेल्या असतात, आणि दूध-तूप-पनीर काढल्यावर त्या जागी काही ठेवलं नाही तर भोक तसंच राहतं. मी त्या जागी शेंगदाणे, तीळ, खोबरं, जवसाची चटणी आणि सोया वड्या ठेवल्या. शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २५ ग्रॅम प्रोटीन, कोरड्या सोया वडीत ५० च्या आसपास. बदामाचं दूध महाग आणि त्यात प्रोटीन फारसं नाहीच, त्यापेक्षा मूठभर दाणे बरे.

पोरीचं पोट तर अजून लहान, तिला नुसतं सॅलड-सूप देऊन कसं चालेल, तिच्या खाण्यात दाण्याचा कूट, तिळाची चटणी, नागलीची (नाचणीची) भाकरी असं जड काहीतरी लागतंच. पेठ-सुरगाण्याकडची नागली इथे सहज मिळते आणि तिच्यात १०० ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तिचं बी१२ मी डॉक्टरांना विचारून वेगळं देते, तिथे अजिबात प्रयोग नाही. अंगावर पिणारं बाळ असेल आणि आईचंच बी१२ कमी असेल तर बाळाच्या मेंदूची वाढ अडू शकते, थरथर सुटू शकते, आपल्या देशातल्या बालरोगतज्ज्ञांना हे चांगलं माहीत आहे. मीठ आयोडीनवालंच घ्या, सैंधव "नॅचरल" म्हणून सगळ्यात घालत बसू नका. आणि डी३, म्हणजे डी जीवनसत्त्वाच्या गोळीचं पाकीट उलटं करून वाचा, ते बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या चरबीपासून बनवतात, दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं पण मिळतं.

एवढं सगळं करून चार महिन्यांत फेरिटिन वर आलं, मुंग्या गेल्या, पायरीवर बसावंसं वाटणं गेलं. दुपारी अडीचला डोळे मिटतात ते मात्र गेलं नाही, कारण ते जेवणाचं नव्हतंच. दिवसभर पेशी ऊर्जा जाळतात तसा मेंदूत अ‍ॅडेनोसिन नावाचा पदार्थ साचत जातो आणि झोप आणतो, झोपलं की तो साफ होतो. चहातलं कॅफीन त्याची फक्त खुर्ची अडवतं, त्याला घालवत नाही, आणि सहाच्या चहातलं साधारण निम्मं कॅफीन रात्री अकराला अंगात असतंच. पोरगी नऊला झोपते, मग मला वाटायचं की आता हे दोन तास माझे, मोबाईल, कपड्यांच्या घड्या, उगाच काहीतरी, साडेबारा वाजायचे. आता आठवड्यातले तीन दिवस मी तिच्याबरोबरच आडवी होते, भांडी तशीच ओट्यावर, सकाळी नळ आला की बघू. बाकीचे चार दिवस अजून साडेबाराच वाजतात.